रविवारचं पाणी

आप्पासो मास्तरांनी सांगलीच्या कॉलेजात बावीस वर्षं तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या बावीस वर्षांत एकाही गोष्टीचा निकाल म्हणून लावला नाही. चपला घ्यायला गेले तरी दोन्ही जोडांच्या बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे मांडत बसायचे. शेवटी त्यांची बायको अंबूबाई त्यातला एक जोड उचलून दुकानदाराला म्हणायची, "ह्यो बांधा." सन त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात मास्तर निवृत्त झाले आणि दोन ट्रंका भरून पुस्तकं घेऊन येरळेकाठच्या आपल्या गावी, कोळंबवाडीला येऊन राहिले. मास्तर लय शिकल्यालं हाय, असं गाव कौतुकानं म्हणालं. चार महिन्यांत गावाला हेही कळलं, की मास्तरांना काही विचारलं तर उत्तर सोडून बाकी सगळं मिळतं.

गंमत अशी, की मास्तरांच्या आवडीचं तत्त्वज्ञान होतं अमेरिकेतलं आणि भलतंच रोखठोक. तिकडच्या दोन-चार विद्वानांनी असं मांडलं होतं, की एखादी समजूत खरी की खोटी यावर घसा कोरडा करण्याआधी एवढंच विचारा: ती खरी धरली तर कुणाच्या जगण्यात काय फरक पडतो? काहीच पडत नसेल, तर भांडण मिटलं. आणि काही गोष्टी तर अशा असतात, की माणसानं आधी विश्वास टाकून पाऊल उचललं तरच त्या खऱ्या होतात. हे मास्तर इतकं रंगून शिकवायचे की मागच्या बाकांवरची मुलंही जागी राहायची. स्वतः मास्तरांची गत मात्र पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ असून पाण्यात पाय न घातलेल्या माणसासारखी होती.

त्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, सगळा मुलूख पेटलेला असताना, सयाजी नावाचा वाळव्याकडचा त्यांचा एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गाच्या दारात उभा राहिला होता. "सर," त्यानं विचारलं, "आपण स्वतंत्र आहोत का?" मास्तर म्हणाले, "प्रश्न मोठा आहे. दोन्ही बाजूंनी पाहावा लागेल. पुढच्या आठवड्यात घेऊ." पुढच्या आठवड्यात सयाजीचा बाक रिकामा होता. तो भूमिगत झाला, असं पोरं कुजबुजली. मास्तरांनी त्या दिवशी हजेरी घेताना त्याचं नाव दोनदा पुकारलं आणि मग वही मिटली.

तर असे हे मास्तर कार्तिक महिन्यात एके सकाळी ओसरीवर वाचत बसले होते. समोर राहीबाई येऊन उभी राहिली. राहीबाई त्यांच्या शेजारची. तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, घरात ती आणि तिची सासू. अर्ध्या एकरात हळद, गोठ्यात एक बैल, आणि चौघांत सामाईक असलेल्या विहिरीत पाण्याचा वाटा.

"मास्तर, मला अर्ज लिवून पायजे. आपल्या सरकारला."

"कुठल्या सरकारला?"

"आवं, आपल्या! त्या विंग्रजांच्या न्हवं. गावोगाव न्याय करत्यात, ते सरकार."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. प्रतिसरकारबद्दल त्यांनीही ऐकलं होतं. नदीपलीकडच्या गावांत म्हणे त्यांची न्यायमंडळं बसत, वर्षानुवर्षांची भांडणं दोन तासांत मिटत. पण कोळंबवाडीत त्यातलं कुणी अजून आलं नव्हतं.

"तक्रार काय तुझी?"

"माझा वार." राहीबाई पायरीवर बसली. "आमच्या मालकाच्या वक्ताला हिरीच्या पाण्याचा बुधवार आमचा हुता. त्येंच्या माघारी मानसिंग भावजींनी वार नव्यानं पाडलं आन मला रविवार दिला."

मास्तरांना आधी यात काही वावगं दिसलं नाही. सातात एक वार होता की! मग आतून अंबूबाईनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. रविवार हा सिद्धनाथाचा वार. त्या दिवशी या सगळ्या टापूत बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. औत नाही, गाडी नाही, मोट नाही. आणि बैलांशिवाय विहिरीतून पाणी काढायचं कशानं? रविवार तोवर कुणाच्याच वाट्याचा नव्हता. मानसिंग हा राहीबाईचा लांबचा दीर आणि विहिरीतला मोठा वाटेकरी; त्यानं तो तिला देऊन टाकला आणि तिचा बुधवार स्वतःच्या सोमवार-मंगळवाराला जोडून घेतला.

तालुक्याच्या कोर्टात ती जाऊन आली होती. तिथले साहेब लांबच्या मुलखातले. त्यांनी कागद पाहिला, बोटं मोजली आणि विचारलं, बाईला आठवड्याचा एक अख्खा दिवस दिलेला आहे, मग तक्रार कसली? रविवारी साहेबांना सुट्टी असायची. बैलांनाही असते, हे काही कागदावर नव्हतं.

"पावसाच्या जिवावर दोन सालं काढली. औंदा पाऊस लवकर उघाडला," राहीबाई म्हणाली. "पानांच्या सुरळ्या व्हाय लागल्यात, मास्तर. पंधरा दिसांत पाणी न्हाई मिळालं तर हळद गेली. आन तेवढीच हाय मला."

मास्तरांनी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं, मुद्दे क्रमवार. फक्त वर मायना घातला: 'असे सरकार अस्तित्वात असल्यास, त्याच्या सेवेशी.' अंबूबाईनं तो वाचून घेतला आणि म्हणाली, "आवं, सोयरीक बघाय जाताना 'तुमच्या घरात माणसं असल्यास' असं कुणी म्हणतं का? ते 'असल्यास' खोडा." मास्तरांनी कुरकुरत खोडलं. राहीबाईनं अर्ज बांगड्या विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीत घातला. ती गावोगाव फिरायची आणि तिला कोण कुठे असतं ते ठाऊक असायचं.

आठ दिवस झाले. उत्तर नाही, निरोप नाही, कुणी फिरकलं नाही. मास्तर रोज संध्याकाळी हळदीच्या बांधावर जाऊन पानं बघून येत. नवव्या दिवशी, शुक्रवारी, राहीबाई पाणवठ्यावर मोठ्या आवाजात सांगून आली, "उद्या सकाळी मारुतीच्या देवळाफुडं सरकारचं न्यायमंडळ बसणार हाय. पाण्याचा निकाल हाय. सगळ्यांनी या."

मास्तर धावतपळत तिच्या घरी गेले. "अगं, निरोप आला का?"

"न्हाई."

"मग मंडळात बसणार कोण?"

"तुमी. आकारामतात्या. आन मनुबाई." आकारामतात्या म्हणजे गावातला सर्वांत म्हातारा माणूस, ज्याला भांडणाचा कंटाळा होता, आणि मनुबाई म्हणजे सुईण, जिनं निम्मं गाव या जगात आणलं होतं.

"पण आम्हाला नेमलं कुणी?"

"म्या नेमलं," राहीबाई म्हणाली. "अर्ज माझा, वार माझा, हळद माझी. आणि कोण पायजे?"

मास्तर तसेच मागे फिरले. घरी येऊन ते अंबूबाईला म्हणाले, "हे खोटं आहे. आपण सरकार नाही." अंबूबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग उद्या कोण बसलं की खरं हुईल ते सांगा, त्याला बोलावते."

शनिवारी सकाळी देवळापुढे तीन घोंगडी अंथरली गेली. गाव झाडून सारं जमलं. बायका पारामागे, पुरुष पुढे. आकारामतात्या डोळे मिटून बसले होते, मनुबाई सुपारी कातरत होती. मास्तरांच्या हातात कागद-पेन होतं.

मानसिंग आला तो गुलाबी पटका बांधून. तो आडदांड गडी होता, पण वाईट म्हणावा असा नव्हता. मिळेल ते ओढून घ्यायची सवय होती, एवढंच. आणि आजवर त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. घोंगड्यांपुढे उभा राहून त्यानं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि नजर मास्तरांवर आणली.

"मास्तर, गावात तुमी एकच माणूस खोटं बोलत न्हाई. म्हणून तुमास्नीच इचारतो. ह्ये सरकारचं मंडळ हाय का न्हाई? व्हय म्हणा, मी बसतो. न्हाई म्हणा, मी चाललो रानात."

राहीबाई पदराचं टोक मुठीत धरून मास्तरांकडे बघत होती. 'नाही' म्हणावं तर तिची हळद गेली. 'होय' म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर खोटं बोलायचं. मास्तरांच्या ओठांवर सवयीनं आलं, 'प्रश्न मोठा आहे, पुढच्या आठवड्यात घेऊ,' आणि त्याच क्षणी त्यांना वर्गाचं दार आठवलं, दारात उभा असलेला पोरगा आठवला, आणि तो रिकामा बाक. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मानसिंग," ते म्हणाले, आणि आवाज निघाला याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "आम्हाला कुणी पाठवलेलं नाही. कुणाचं पत्र नाही, शिक्का नाही. हे मी तुला खरं सांगतो."

राहीबाईनं डोळे मिटले. मानसिंग वळायला लागला.

"थांब. माझं झालं नाही. नदीपलीकडं ज्या गावात पहिलं मंडळ बसलं, तिथं तरी त्याला खरं कुणी केलं? शिक्क्यानं? लोक बसले, भांडणारे समोर बसले, निकाल ऐकला आणि पाळला, म्हणून ते खरं झालं. आमचं मंडळ या घटकेला खरंही नाही आणि खोटंही नाही. आम्ही तिघं बसलो, आमच्या बाजूचं काम झालं. तू उठून गेलास तर हा तीन म्हाताऱ्यांचा पोरखेळ. तू बसलास तर कोळंबवाडीत आजपासून आपलं सरकार आहे. आता तूच ठरव."

मानसिंगनं पटका डोक्यावर नीट केला. धमकी दिली असती तर तो फिसकारला असता, विनवणी केली असती तर हसून गेला असता. पण सरकार आहे का नाही हे त्यानं ठरवायचं, असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजे... माज्यावर हाय व्हय?"

"तुझ्यावरच."

त्यानं मागं वळून गावाकडे बघितलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्यानं वहाणा काढल्या आणि घोंगड्यापुढे मांडी घातली. "बोला," तो म्हणाला. आकारामतात्यांनी तेव्हा कुठे डोळे उघडले.

पुढचं काम मास्तरांना पाठच होतं, फक्त इतकी वर्षं ते फळ्यावर केलेलं.

"राहीबाईला तू वार दिलास?"

"दिला की. अख्खा रविवार. कोर्टाचा कागद हाय माज्याकडं."

"गेल्या साली किती रविवारी तिच्या पाटाला पाणी आलं?"

मानसिंगनं मान खाजवली. "आता रविवारी कसं येणार, मास्तर?"

"म्हणजे शून्य. आणि तिला वारच दिला नसता, तर किती आलं असतं?"

"...तवा बी शून्यच."

"मग दिला आणि नाही दिला, यात तिच्या रानात फरक काय पडला?"

"काय न्हाई."

"ज्यानं रानात काडीचा फरक पडत नाही, ते दिलं असं कशावरून म्हणायचं?"

गर्दीत खसखस पिकली. मानसिंग लाल झाला. पण तोही गावचाच गडी, सहजी हटणारा नव्हता. "मास्तर, मग आसं करा. रविवारी बैल जुपू नयेत, हेच मुळात खरं कशावरनं? तुमी शिकल्याली माणसं. सांगा की गावाला, ह्यो देवाचा वार-बीर काय नसतो म्हणून. वैनींनी खुशाल जुपावीत बैलं."

मास्तरांचे डोळे चमकले. प्रश्न खरोखरच सुंदर होता. देवाचा वार म्हणजे काय, श्रद्धेचा आधार कोणता, दोन्ही बाजूंनी पाहायला हवं... त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अंबूबाईनं पारामागून तो पुसण्याचा प्रकार ओळखला आणि ती जोरात खोकली. पण त्याआधीच मनुबाईनं अडकित्ता खाली ठेवला होता.

"मानसिंग, बैलं सा दीस राबत्यात. सातव्या दिशी त्येंच्या मानंला इसावा मिळतो. त्यो सिद्धनाथानं दिला का कुणाच्या आज्यानं, बैलाला काय त्याचं? चांगली चाललीया रीत, तिला हात लावू नगंस. तुझ्या बुधवाराचं बोल."

मास्तरांनी मुकाट्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. बावीस वर्षं जे त्यांना एका तासात बसवता आलं नव्हतं, ते या बाईनं सुपारी कातरता कातरता सांगितलं होतं. त्यांनी तात्या आणि मनुबाईशी दोन शब्द बोलून निकाल लिहिला आणि उभं राहून वाचला. बुधवार राहीबाईचा. त्याच्या बदल्यात मानसिंगला एक अख्खा वार: रविवार.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि मारुतीच्या देवळापुढे असा हशा उसळला की पिंपळावरचे कावळे उडाले. मानसिंग तोंड उघडून बसला. तक्रार करावी तर कशी? एक वार म्हणजे एक वार, हे तोच सांगत आला होता. शेवटी त्याच्याही मिश्या हलायला लागल्या. "मास्तर, तुमी लय बेरकी," तो म्हणाला आणि अंगठा पुढे केला.

पण अंगठा उठला म्हणजे पाणी आलं असं नव्हे. मास्तरांना हे पक्कं कळत होतं. बुधवारी उजाडायला ते विहिरीवर हजर झाले. राहीबाई आधीच आली होती, आणि रडकुंडीला आली होती. तिचा बैल एकच. दुसऱ्या एका शेतकऱ्याशी तिचा वारंगुळा होता, म्हणजे त्याचा एक आणि हिचा एक बैल मिळून जोडी करायची. तो गडी मानसिंगच्या धाकानं आलाच नव्हता. एका बैलावर मोट चालत नाही. ऊन वर चढू लागलं.

"निकाल खरा हाय न्हवं, मास्तर?" राहीबाईनं विचारलं.

निकालाचा कागद मास्तरांच्या खिशात होता आणि विहिरीवर मोट जिथं ओततात ते थारोळं कोरडं होतं. कागद वाचून हळद भिजत नाही, हे जगात सर्वांत चांगलं त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी धोतर खोचलं, बैलाशेजारी जाऊन उभे राहिले आणि जुवाला हात घातला.

"आवं, आवं! मास्तर, ह्ये काय?" मागून आवाज आला. मानसिंग बांधावरून येत होता आणि त्याच्या मागे त्याचा पांढरा खिलारी बैल. "मोट काय तुमी वडणार व्हय? व्हा बाजूला, कंबार मोडून घ्याल."

"तू कसा आलास?"

"कसा म्हंजे? सरकार काय तुमचं एकट्याचं हाय? त्ये हाय म्हणून म्याच तर ठरावलं." त्यानं आपला बैल राहीबाईच्या बैलाशेजारी जुंपला. "आता माझंच सरकार माझ्याच हिरीवर हरलं तर गावात तोंड कुठं दाखवू? वैनी, जावा, रानात दार धरा. पानी सोडतो."

बैल विहिरीच्या उतरत्या धावेवरून खाली गेले, मोट वर आली आणि थारोळ्यात धो धो ओतली. पाणी पाटानं पळत हळदीत शिरलं. राहीबाई खोरं हातात घेऊन वाफ्यात उभी होती. पाणी तिच्या पायांवरून गेलं तशी ती मोकळेपणानं रडली आणि रडताना पुढच्या वाफ्याचं दार मोडून पाणी वळवायला विसरली नाही. मास्तर बांधावर उभं राहून ते बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुणाला समजावून सांगण्याचीही इच्छा झाली नाही.

महिनाभरानं एक घोंगडी विकणारा भरदुपारी मास्तरांच्या ओसरीवर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगड्यांची चवड. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि ते ताडकन उठले.

"सयाजी!"

सयाजी हसला आणि पाया पडला. घोंगड्यांच्या घडीतून त्यानं एक चुरगळलेला कागद काढला. राहीबाईचा अर्ज होता. वरचं खोडलेलं 'असल्यास' अजून वाचता येत होतं. "अक्षर ओळखलं, सर. उशीर झाला, मागे पोलीस होते. पण आता आलोय. आपण मंडळ बसवू आणि या बाईचा निकाल लावू."

"निकाल लागला," मास्तर म्हणाले. "पाणी चालू आहे. चार बुधवार झाले."

"लागला? कुणी लावला?"

"आम्ही. म्हणजे मी, मनुबाई आणि आकारामतात्या."

"कुणाच्या वतीनं?"

"तुझ्या सरकारच्या," मास्तर म्हणाले. "तू यायच्या आधी आम्ही ते सुरू केलं. चुकलं असेल तर सांग."

सयाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. हे ते सर नव्हेत, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो काही बोलणार इतक्यात ओसरीवर मानसिंग आला. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ, दोघंही तणतणत. बांधाचं भांडण होतं आणि ते मंडळापुढे आणायचं मानसिंगनंच ठरवलं होतं. अंबूबाईनं न विचारताच घोंगडं अंथरलं आणि मनुबाईला हाक मारायला गेली. मानसिंगनं सयाजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ओ घोंगडीवालं, जरा तिकडं सरका. हितं आपल्या सरकारचं काम चालतं. परक्या माणसानं मधी बसायचं न्हाई."

मास्तरांनी घाबरून सयाजीकडे बघितलं. सयाजीनं आपली घोंगडी गोळा केली, मुकाट्यानं सरकत ओसरीच्या कडेला गेला आणि खांबाला टेकून बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"सर," तो तिथून हळूच म्हणाला, "माझा एक प्रश्न राहिला होता."

"लक्षात आहे," मास्तर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "बस, बघ."